जमा म्हणजे उत्पन्न नव्हे

"मॅडम, पाच वर्षांत उत्पन्न दुप्पट झालंय. आता ह्यात तपासायचं काय हाय?"

नगराध्यक्षांनी आलेख माझ्याकडे सरकवला. कोथरूडच्या आमच्या ऑफिसात ते, त्यांचे मुख्याधिकारी आणि लेखापाल देवकर असे तिघं आले होते. त्यांचं गाव हडपसरच्या पुढे. पुणं पसरत तिथवर गेलं आणि ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली. नव्या सोसायट्या अजून टँकरच्या पाण्यावर. नळयोजनेसाठी मोठं कर्ज हवं होतं आणि त्यासाठी बँकेला आमचं रेटिंग हवं होतं. कर्ज मागणारा ते फेडू शकेल का, याबद्दल त्रयस्थानं दिलेलं मत म्हणजे रेटिंग. ते देणं माझं काम. सतरा वर्षं तेच करतेय.

मी पाचही वर्षांचे हिशेब मागवले आणि शेजारी-शेजारी मांडले. एका वर्षाचं बजेट नेहमी छानच दिसतं. ते छान दिसावं म्हणूनच लिहिलेलं असतं.

तिसऱ्या वर्षी जमा एकदम उडी मारत होती. पण त्या वर्षी ना घरपट्टी वाढली होती, ना नवा कर लागला होता. मग पैसे आले कुठून? रस्त्यांसाठी काढलेल्या कर्जातून. पुढच्या दोन वर्षांत त्याच कर्जाचे उरलेले हप्ते मिळाले, शिवाय इमारतीसाठी सरकारी अनुदान. तिजोरीत येतं ते सगळं जमा. पण उत्पन्न म्हणजे आपलं स्वतःचं, घरपट्टी, पाणीपट्टी, परवान्यांची फी. कर्ज आणि अनुदान वजा केलं तर आलेख आडवा झोपला. पगार, वीजबिल आणि कचऱ्याचा खर्च मात्र दरवर्षी चढत होता.

हे मी आमच्या ऑफिसातल्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "जरा सांभाळून घे. यांच्या मागून आणखी तीन नगरपरिषदा आपल्याकडे येणार आहेत."

"सांभाळूनच घेतेय सर. म्हणून तर रेटिंग खालचं देतेय."

पुढच्या मीटिंगला नगराध्यक्ष तापलेच. "म्हंजे आमच्या लोकांनी जन्मभर टँकरच बघायचा का?"

मी देवकरांकडे वळले. "नव्या कर्जाचा हप्ता सुरू झाला आणि पैसे कमी पडले, तर आधी काय थांबवाल?"

देवकरांनी मुख्याधिकाऱ्यांकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाले, "सफाई कामगारांचे पगार. मागे दोनदा थांबवलेत."

"मला कुणी बोललं नाही," नगराध्यक्ष म्हणाले.

"टिपणी दिली होती साहेब. फायलीत आहे. आपली सही आहे तिच्यावर."

मुख्याधिकारी मोबाइल पाहू लागले.

"मग करायचं काय?" नगराध्यक्षांनी अखेर मला विचारलं. आवाज खाली आला होता.

"सल्ला देणं माझ्या कामात बसत नाही. प्रश्न विचारणं बसतं. नव्या इमारतींपैकी कितींना घरपट्टी लागलीय?"

"निम्म्यांची नोंदच नाही," देवकर म्हणाले.

नगराध्यक्षांनी मान खाजवली. "त्यात माझ्याबी दोन हायत."

हसू येत होतं, पण मी वहीत लिहीत राहिले. मनातून मात्र हा माणूस मला तेव्हा पहिल्यांदा आवडला.

रेटिंग मी खालचंच दिलं. बँकेनं कर्ज नाकारलं. नगराध्यक्षांनी गावी परत जाऊन पहिली नोंद स्वतःच्या दोन इमारतींची करवली, त्यामुळे बाकीच्यांना कुरकुर करायला जागा उरली नाही. दीड वर्षानं तिघं पुन्हा आले. या वेळी घरपट्टी खरोखर वाढलेली होती, कर्जाची मागणी अर्ध्या योजनेपुरती होती आणि कामगारांचे पगार वेळेवर चालले होते. मी चांगलं रेटिंग दिलं. आता तिथल्या वरच्या भागात दिवसाआड नळाला पाणी येतं. खालचा भाग दुसऱ्या टप्प्याची वाट पाहतोय.

त्या तीन नगरपरिषदांपैकी दोन दुसऱ्या एजन्सीकडे गेल्या. साहेबांनी अप्रेझलमध्ये ते मला ऐकवलं. मी ऐकून घेतलं.

तेव्हापासून कुणी वर चढणारा आलेख पुढे केला, की मी एवढंच विचारते, यातलं परत किती द्यायचंय?