नानांचा तीन फेऱ्यांचा नियम

माणूस गेला की त्याचे किस्से वाढत जातात. नाना पेडणेकर होते तेव्हा माझ्याकडे दोन-तीनच होते. आता रविवारी माझा मित्र साळवी आला की आम्ही दोघं मिळून डझनभर काढतो. हसतो. मग तो चहा न घेताच उठतो. त्याला माझ्या बायकोच्या, मालतीच्या हातचा आवडायचा, माझ्या हातचा नाही.

नाना घाटकोपरला बहिणीकडे राहायचे. सरकारच्या गुप्तहेर खात्यात त्यांनी वीस वर्षं पाकिटं पोचवली आणि ऐंशी साली रिटायर झाल्यावर हेरगिरीचा इतिहास लिहायला बसले.

"त्या पाकिटांत काय असायचं हो, नाना?" साळवीने विचारलं.

"मला काय ठाऊक? फोडायची नसतात. म्हणून तर आता इतिहास वाचतोय!"

*

एकदा मालतीने नानांबरोबर साळवीला बोरिवलीला पुरणपोळ्या पाठवल्या. साळवी बाजारात गेलेला. त्याची बायको हात पुढे करून दारात उभी.

"वहिनी, डबा साळवींच्याच हातात द्यायचाय."

दीड तास जिन्यात बसले! साळवी आल्यावर डायरी पुढे केली. "सही."

"अहो, पोळ्या आहेत!"

"असू देत. नियम आहे, घेणाऱ्याची सही लागते."

पुढे वर्षभर वहिनी त्यांना बघून म्हणायच्या, "या नाना, जिन्यात बसा!"

*

आलेल्या रस्त्याने परतायचं नाही, हा दुसरा नियम. आरे कॉलनीत सहलीला गेलो तर परत येताना तासभर चालून आम्ही थेट म्हशींच्या गोठ्यात!

साळवी म्हणाला, "नाना, आपल्या मागावर एकच आहे. ती बघा, रेडी!"

*

मालती त्यांचं पुस्तक टाइप करायची. एकदा मशीन थांबवून तिने विचारलं, "माणूस भेटलाच नाही तर?"

"तीन फेऱ्या. काय आणलंय ते दाराबाहेरून बोलायचं नाही, शेजाऱ्यांकडे ठेवायचं नाही. तिसऱ्यांदाही नाही भेटला तर जाळायचं."

"न वाचता?"

"न वाचता."

"आणि आत कुणाचं शेवटचं पत्र असलं तर?"

"तरी राख."

"नाना, तुमच्यापेक्षा पोस्टाची पेटी बरी. तिचं तोंड तरी उघडं असतं!"

सगळ्यांत जास्त नानाच हसले.

*

मालतीचा आजार कळला तेव्हा शंभरेक पानं राहिली होती. ती हॉस्पिटलात पडल्यापडल्या टाइप केलेली पानं तपासायची. नाना रोज यायचे. मला वाटायचं, या माणसाला पुस्तकापलीकडे काही दिसतच नाही. एकदा बोललोही, "नाना, तुमच्या पुस्तकापायी वाट लागली हिची."

नाना पानं आवरायला लागले.

"ए, गप रे," मालती म्हणाली. "मला करायचंय ना हे."

*

ती गेल्यावर मी साळवी सोडून कुणालाच दार उघडत नव्हतो. नाना आले. मी आतूनच ओरडलो, "पानं मिळणार नाहीत!"

"पानं नकोत. दार उघडा."

"मग काय हवंय?"

नाना म्हणाले, "येतो पुन्हा."

ते पुन्हा आले. परत आले. पुढे पुढे त्यांची बेल ओळखू यायला लागली. वाजली की मी रेडिओ मोठा करायचो.

*

मग उन्हाळ्यात नाना झोपेत गेले. मला महिन्याने कळलं.

एका रविवारी साळवी समजून दार उघडलं, तर नानांची बहीण कुसुमताई. हातात नानांची डायरी आणि एक बंद पाकीट. पाकिटावर माझं नाव, मालतीच्या अक्षरात.

डायरीत नानांनी लिहिलं होतं : पहिली फेरी. घेणारा घरी. दार उघडलं नाही. दुसरी फेरी. तेच. तिसरी फेरी. तेच.

पान उलटलं. चौथी फेरी. तिच्याखाली पाचवी.

शेवटची नोंद अकराव्या फेरीची होती.

"सही करा," कुसुमताई म्हणाल्या. "सही घेतल्याशिवाय द्यायचं नाही, असं बजावून ठेवलं होतं त्याने."

मी आधी रेडिओ बंद केला. मग सही केली.