खंडेनवमीचा रंग

द्राक्षबागेतल्या आमच्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरचं स्टीअरिंग दोन वर्षांपासून जड झालं होतं. ओळीच्या टोकाला वळताना अण्णा, म्हणजे माझे वडील, अर्धे उठून अंगाचा सगळा भार टाकत. मेकॅनिकला बोलवू म्हटलं की म्हणत, "चालतंय की."

काल मीच पुढच्या चाकांशी आडवा झालो. ग्रीस भरायची बारीक तोंडं सापडेचनात. खरवडलं तेव्हा लाल रंगाचे पापुद्रे निघाले, एकाखाली एक. दर खंडेनवमीला अण्णा ट्रॅक्टर धुतात, हौसेनं रंगाचा हात मारतात, मग झेंडूचा हार घालतात. त्या हौसेखालीच तोंडं बुजून गेली होती. आपल्या माणसांनाही आपण असंच जपतो की काय? सणाला नटवतो, आणि रोज कुठं अडतंय ते पाहायचं राहून जातं.

ग्रीस भरलं. अण्णा ट्रॅक्टरवर बसले आणि निघाले. वळताना सवयीनं जोर लावला, तसा ट्रॅक्टर गर्रकन फिरून वेलीच्या खांबाला टेकला. मी हसलो. ते मात्र इंजिन बंद करून एका बोटानं स्टीअरिंग इकडंतिकडं फिरवत राहिले.

"मला वाटत होतं," ते हळूच म्हणाले, "माझ्याच हातांतला जोर गेला."