हजरच्या डोंगरात केलेली कॉपी

दुबईतल्या अल मनखूलहून निघालो तेव्हा सकाळचे सहा वाजले होते आणि मी माझ्या मुलाशी बोलत नव्हते. गाडी तोच, साजिद, चालवत होता. मागे माझी दहा वर्षांची नात झोया मान वाकडी करून झोपली होती. सून ड्यूटीवर होती आणि माझ्या मांडीवर तांदळाच्या बारा भाकऱ्या होत्या. अबोल्याचं कारण होतं एक खुर्ची.

त्याचं असं आहे. मी रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातली, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. वय त्रेसष्ट, गुडघे दोन, त्यातला डावा कामचुकार. पुढच्या महिन्यात मी, माझी मोठी बहीण आपा आणि तिचा मुलगा असे तिघं मक्केला उमऱ्याच्या यात्रेला जाणार होतो. तिथं सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालायच्या असतात. त्याला सई म्हणतात. तान्ह्या बाळासाठी पाणी शोधत बीबी हाजरा तिथं उन्हात धावल्या, त्याची ती आठवण. सगळं मिळून तीन-साडेतीन किलोमीटर. आणि साजिदनं मला न विचारता माझ्यासाठी चाकाची खुर्ची ठरवून टाकली होती.

"अम्मी, रिस्क कशाला घ्यायची? डॉक्टरचा रिपोर्ट बघितलास ना?"

"ती बाई पाण्यासाठी धावली. तिची आठवण मी बसून काढू? वर कुणीतरी मला ढकलत नेणार!"

दोन दिवस वाद झाला. शेवटी ठरलं की शनिवारी उत्तरेच्या डोंगरात जायचं. तिथल्या राखीव उद्यानात डोहापर्यंत जाऊन परत यायचं, एकूण साडेतीन किलोमीटर. मी चालले तर खुर्ची रद्द. नाही चालले तर खुर्चीत बसायचं आणि पुन्हा त्यावर तोंड उघडायचं नाही. उद्यानाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथं मी जे केलं ते वाचलं तर गेटवरचा माणूस मला पुन्हा आत सोडायचा नाही.

दुबईची उंच घरं संपली की बराच वेळ काही नसतं. वाळू, विजेचे खांब, मध्येच उंटांसाठी घातलेलं कुंपण. एका पेट्रोल पंपावर साजिदनं करक (वेलची घालून आटवलेला दाट चहा) आणला. "दोन दिरहम," तो म्हणाला. "म्हणजे पन्नास रुपये," मी म्हणाले. अबोला तिथं सुटला, कारण पन्नास रुपयांच्या चहावर गप्प बसणं मला जमलं नाही.

मग एकाएकी डोंगर आले. आमच्याकडचे डोंगर कसे, आधी टेकडी दिसते, मग झाडी, मग चढ. हे तसं काही करत नाहीत. सपाट वाळूतून सरळ उभे राहतात, तपकिरी, उघडे, अंगावर गवताची काडी नाही. ही हजर पर्वताची रांग. मला ते बघून आधी कीव आली आणि पाच मिनिटांनी आवडायला लागले. इतकं काही न झाकता उभं राहायला हिंमत लागते.

गेटवर मोठा फलक होता. आग पेटवू नका, कचरा टाकू नका, प्राण्यांना खायला घालू नका, मोठ्यानं गाणी लावू नका. फलकाच्या पन्नास पावलांवर केरळची चार कुटुंबं बिर्याणीचं भलं थोरलं पातेलं उतरवत होती आणि त्यांच्या शेजारी कुणाचा तरी स्पीकर पंजाबीत ओरडत होता. घट्ट कपड्यांतले गोरे लोक सायकली घेऊन उभे होते आणि सगळ्यांकडे कपाळाला आठ्या घालून बघत होते. मी तीस वर्षं सहलीला पोरं नेली आहेत. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

साजिदचा थाट तर विचारूच नका. दोन काठ्या, पाठीवर नळीची पाण्याची पिशवी, डोक्यावर मानेमागं फडका लोंबणारी टोपी. हिमालयात निघाल्यासारखा. मी पायात कापडी बूट घातले होते आणि ओढणी कमरेला खोचली होती.

वाटा दोन होत्या. एक कड्याच्या धारेवरून, खुणेचे दगड रंगवलेली. दुसरी खाली वादीतून (पावसात वाहणारी, एरवी कोरडी नदी), सपाट, खडीची. त्या खालच्या वाटेवर फक्त आतल्या शेतकऱ्यांच्या गाड्यांना परवानगी. झोयाला वरून जायचं होतं. साजिद म्हणाला, "आपण सगळे खालून जाऊ. मी अम्मीबरोबर राहतो."

"पर्यवेक्षक डोक्यावर उभा राहिला की मुलं बरोबर येणारं गणितही चुकवतात," मी म्हणाले. "तुम्ही वरून जा. डोहापाशी भेटू."

"फोन ऑन ठेव. काही वाटलं तर तिथंच बस. प्रॉमिस?"

"यल्ला, नीघ आता."

"दादी, डोन्ट चीट!" झोया वरून ओरडली. मी तिला हात दाखवला. मी कोण, माझा लौकिक काय! ज्या मास्तरणीनं पोरांच्या मोज्यातून, पट्ट्यातून, एकदा तर प्लास्टर घातलेल्या हातातून चिठ्ठ्या काढल्या, तिला ही पोर कॉपी करू नको म्हणून सांगत होती.

पहिला अर्धा किलोमीटर मस्त गेला. खडीत पाय रुतत होते, पण हवा गार होती. मग ऊन कड्यावरून खाली उतरलं आणि डावा गुडघा बोलायला लागला. सिद्रचं (आपल्या बोरीच्याच जातीचं) एक झाड होतं, त्याच्या सावलीत मी टेकले. मनाशी म्हटलं, दोन मिनिटं. दोनाची दहा झाली. उठायला गेले तर गुडघा कुलूप घातल्यासारखा.

तेवढ्यात मागून पिकअप आली. आत पांढऱ्या कंदुरातला (इथल्या पुरुषांचा पायघोळ झगा) एक म्हातारा आणि त्याची बायको. मागे चाऱ्याचे भारे. जुन्या पिढीतल्या इथल्या लोकांना हिंदी चांगलं येतं. व्याकरण सोडून सगळं येतं.

"अम्मा, किधर जाता? अकेला? बैठो, बैठो."

"नहीं, मुझे चलना है. पैदल."

"धूप में? बुढ्ढा औरत पैदल? हराम! बैठो."

बायकोनं दार उघडून माझं मनगट धरलं. आता मी प्रामाणिकपणे सांगते. तिनं ओढलं हे खरं, पण मी काही फार ताणून धरलं नाही. गादी मऊ होती. गार वारा लागला आणि माझा तीस वर्षांचा लौकिक चाऱ्याच्या भाऱ्यांबरोबर मागे उडून गेला.

वाटेत त्यांचा मळा लागला. पंधरा-वीस खजुरी, आंब्याची दोन झाडं, चार शेळ्या. मला उतरवून चटईवर बसवलं आणि खजूर, कहावा (बिनदुधाची, वेलचीची फिकी कॉफी) पुढे ठेवली. कप चिमणीएवढा. रिकामा केला की म्हातारी भरायची. नको म्हणणं बरं दिसत नाही म्हणून मी पीत राहिले. सात कप झाल्यावर ती हसून लोटपोट झाली आणि तिनं माझं मनगट धरून कप दोनदा हलवला. असा हलवला की पुरे झालं, असा इथला रिवाज. म्हाताऱ्यालाही हसू आवरेना.

तिला मी उमऱ्याचं सांगितलं. ती एकदम गंभीर झाली. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "सई करो, मेरा दुआ करो. मेरा नाम शम्सा." मग आपल्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, "मैं गया, कुर्सी में गया. अल्ला को मालूम, मेरा घुटना खलास."

किती सहज म्हणाली! लाज नाही, खंत नाही. मी मान डोलावली आणि तिचं म्हणणं त्या वेळी कानाआड केलं.

डोहाच्या अलीकडे शेवटचं वळण आलं तेव्हा मी त्यांना थांबवलं. "बस, इधर ही." म्हाताऱ्याला कळेना. डोह तर पुढे दिसत होता. पण कॉपी करणाऱ्याची अक्कल त्या घडीला फार तेज चालते. उतरले, तोंडाला पाणी लावलं, ओढणी पुन्हा कमरेला खोचली आणि लंगडत, धापा टाकत वळण पार केलं.

डोह म्हणजे आमच्या विहिरीचा उपसा करताना याहून जास्त पाणी सांडतं. पण त्या कोरड्या दगडांमध्ये ते हिरवं पाणी आणि त्यात बोटाएवढे मासे बघून लोक खुळावले होते. साजिद आणि झोया माझ्यानंतर दहा मिनिटांनी आले. साजिद घामानं निथळत होता. माझ्याकडे बघून नुसतं म्हणाला, "पोचलीस?"

"पोचले."

भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी काढली. साजिदनं आणलेल्या एनर्जी बारच्या वड्या मीही चाखून बघितल्या. लाकडाचा भुसा गुळात मळला की तसं काहीतरी होत असावं. आमचं बोलणं चालू असताना एक बकरी आली आणि फडक्यासकट चार भाकऱ्या घेऊन कडा चढून गेली. प्राण्यांना खायला घालू नका हा नियम तिला कुणी सांगितला नव्हता.

परत येताना तिघं वादीतूनच आलो. कहाव्यानं आणि बैठकीनं गुडघा मोकळा झाला होता, पावणेदोन किलोमीटर मी रमतगमत पण खरोखर चालले. गाडीपाशी पोचताच साजिदनं आपाच्या मुलाला फोन लावला. "हां, खुर्ची कॅन्सल कर. अम्मी कम्प्लीट चालली." पलीकडून आपाचा आवाज आला. माशाल्ला, माशाल्ला म्हणत ती रडत होती. तिची बहीण बरी झाली म्हणून ती रडत होती.

गाडीत बसले. पट्टा लावला. साजिदनं गाडी सुरू केली. या खोट्याच्या जोरावर मी सफावर उभी राहणार होते. त्या शम्साचं नाव घेणार होते.

"साजिद, गाडी बंद कर. मी चालले नाही. झाडापासून डोहापर्यंत पिकअपमध्ये गेले."

त्यानं गाडी बंद केली. "माहितीय."

"म्हणजे?"

"वरून अख्खी वादी दिसते, अम्मी. तू त्या वळणावर उतरून तोंडाला पाणी लावलंस, तेही बघितलं."

"मग फोन कशाला केलास?"

"अब्बा गेल्यापासून तू कशाचा हट्टच धरला नव्हतास. कुणी जे देईल ते खायचं, म्हणेल तिथं बसायचं. यंदा पहिल्यांदा भांडलीस. मला वाटलं, जाऊ दे, जिंकू दे तिला."

डोळे भरून आले हे कबूल करते. पण राग त्याहून मोठा होता. परीक्षकच कॉपी खपवून घेतो म्हणजे काय? मी दार उघडून खाली उतरले. "फेरपरीक्षा. पिकअपमध्ये गेलं तेवढं अंतर आत्ता चालणार. यायचं असेल तर मागून या. पुढं व्हायचं नाही आणि हात द्यायचा नाही."

उन्हं कलली होती. बिर्याणीवाले पातेलं घासत होते, ते थांबून बघायला लागले. मी चालले. शंभर पावलं, दोनशे, तीनशे. मागे दोघांच्या पावलांची खडीत करकर ऐकू येत होती. ते सिद्रचं झाड दिसायला लागलं. तिथवर जायचंच, असं मी ठरवलं आणि तिथवर जायच्या आतच गुडघा बसला. मी खाली दगडावर बसले, कारण दुसरं काही करता येईना.

झोया समोर येऊन उकिडवी बसली. "सो दादी, पास ऑर फेल?"

"फेल," मी म्हणाले. हे दोन अक्षरी उत्तर द्यायला मला त्रेसष्ट वर्षं लागली. आमच्या घरात कुणी नापास झालेलं नव्हतं.

साजिदनं माझा बूट काढला, पाऊल आपल्या मांडीवर घेतलं आणि चोळायला लागला. लहानपणी मी त्याचं चोळायचे तसंच, टाचेकडून वर. "तर मग खुर्ची?" त्यानं हळूच विचारलं.

"खुर्ची घे. पण मी तिच्यात बसून सुरुवात करणार नाही. ती रिकामी माझ्या मागून येऊ दे. पाय थांबतील तिथं बसेन."

त्यानं आपाच्या मुलाला पुन्हा फोन लावला. आपा मागून काय झालं, काय झालं म्हणून विचारत होती. फोन मी घेतला आणि सगळं तिला माझ्याच तोंडानं सांगितलं, पिकअपसकट.

परतीच्या वाटेवर डोंगर मागे राहिले आणि पुन्हा वाळू आली. प्रवासाला लोक काहीतरी बघायला जातात. मी डोह बघितला, मासे बघितले, बकरी बघितली. पण आपण किती चालू शकतो हे नेमकं कळणं, एक पाऊल जास्त नाही आणि एक कमी नाही, यासाठी मला परदेशातल्या डोंगरात जावं लागलं. घरी ओटीवर बसून मी स्वतःला एकतर धडधाकट समजत होते नाहीतर निकामी.

उमरा करून मी आता गावी परत आले आहे. फोनवर झोयाचा पहिला प्रश्न होता, "दादी, हाऊ मेनी?" चार फेऱ्या पायी, असं मी तिला सांगितलं. पुढच्या दोन खुर्चीत, आणि त्या दोन्ही फेऱ्यांत शम्साचं नाव घेतलं. शेवटच्या सातव्या फेरीला मी उठले. खुर्ची मागून रिकामी येत होती आणि मी चालत होते.