माती लोटताना म्हणायचं गाणं

कर्नाटकातल्या, सीमेवरच्या आमच्या मेहकरच्या फाट्यावर भालकीची बस थांबली, कंडक्टरनं माझी पेटी आत ओढली, आणि माझ्या वडिलांनी, अप्पांनी, नेमकी तीच वेळ साधून माझ्या डोक्यावर हात ठेवला. एक पाय पायरीवर, एक खाली, अशी मी उभी. अप्पांची प्रार्थना म्हणजे आदाम-हव्वेपासून निघायची आणि वस्तीतल्या शेळ्यांपर्यंत यायची. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तरी अप्पांचं आमेन काही लवकर आलं नाही. नर्सिंग शिकून मी बेंगळुरूच्या दवाखान्यात नोकरीला निघाले होते, आणि खिडक्यांतून सगळे बघतायत म्हणून लाजेनं मेले होते. शेवटी डोळे उघडून ते म्हणाले, "जायलीस तर जा, पोरी. आपुन देवाचे हाव. तिथंबी त्येचेच."

तुम्ही जे वस्तीत मागे राहिलात आणि जे माझ्यासारखे पुण्याला, हैदराबादला पांगलात, त्या सगळ्यांना हे लिहिते आहे. अप्पांच्या मातीला तुमच्यातलं फार कुणी नव्हतं. दोष देत नाही. सुट्टी कशी मागावी लागते ते मला ठाऊक आहे.

आपल्या ख्रिस्ती वस्तीचा रिवाज तुमच्या पोरांना माहीत नसेल, म्हणून सांगते. पेटी खड्ड्यात उतरली, सगळ्यांची मूठमाती झाली, की फावडी चालायची आणि त्याच क्षणी गाणं सुरू व्हायचं. खड्डा भरेपर्यंत ते थांबू द्यायचं नाही. पेटीवर ढेकळं पडल्याचा आवाज घरच्यांच्या कानी जाऊ नये, यासाठी ते गाणं. म्हणून घरच्यांनी गायचं नसतं. त्यांनी फक्त ऐकायचं. गाणं उचलायचे ते अप्पा. कुण्या आजा-पणजानं रचलेलं, कुठल्या पुस्तकात नसलेलं, साधं भजनाच्या चालीचं. त्याचं शेवटचं कडवं असं: "तुझे आम्ही, तुझी माती, तुझ्या घरी ने आम्हां." दु:खाच्या ठिकाणी अप्पा इतक्या जोरात देवाची स्तुती करायचे की लहानपणी मला त्यांचा रागच यायचा. मेलेल्याच्या बायकोसमोर काय एवढं आनंदानं गायचं, असं वाटायचं.

बेंगळुरूत मी आधी कन्नड उपासनेला जायचे, मग ड्युटी बदलली तशी इंग्रजीला. तिथं पडद्यावर गाण्याचे शब्द येतात, स्पीकर छाती हादरवतात, आणि शेजारची बाई 'प्रेज द लॉर्ड' म्हणून हात मिळवून पार्किंगकडे पळते. माणसं वाईट नाहीत. पण उदगीरला मावशीकडे गेले की मी कर्नाटकची, आणि बेंगळुरूत तोंड उघडलं की महाराष्ट्राची. पहिली काही वर्षं मी मनात अप्पांचं उत्तर द्यायचे, की आम्ही देवाचे. हल्ली देताना जीभ अडते. देवाचे म्हणजे कुणाचेच नाही की काय, असं वाटायला लागलं आहे.

अप्पा गेले ते ऐन उन्हाळ्यात. मी पोचले तेव्हा पेटी अंगणात होती आणि वस्तीत कुलपं जास्त, माणसं कमी. खांदा द्यायला शेजारचे लिंगायत आले, मुसलमान आले, खड्डाही त्यांनीच खणला. त्यांचे उपकार कसे फेडू? पण गाणं त्यांना कुठून येणार? ज्यांना येत होतं त्यातले निम्मे ओढ्याकाठच्या त्याच कबरस्तानात पुरलेले, आणि उरलेल्या म्हाताऱ्यांना बोलतानाच धाप लागते. पाळकसाहेब तरुण, शहरातून आलेले, पाच-सहा गावं सांभाळणारे. त्यांनी मोबाइलवर एक कन्नड गीत लावलं. चांगलं होतं. अर्ध्यातच रेंज गेली.

मग आम्ही तो आवाज ऐकला. मी वॉर्डात कितीतरी मरणं पाहिली आहेत, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता. माय माझ्या शेजारी ताठ उभी होती. तिनं कान झाकले नाहीत. जन्मभर ज्यानं दुसऱ्यांच्या कानांवर गाण्याचं पांघरूण घातलं, त्याच्या वेळेला देवाला एक गळा पाठवता आला नाही. तेव्हापासून मी चर्चमध्ये उभी राहते, ओठ हलवते, आवाज काढत नाही. रुसले म्हणा हवं तर. पण रुसायला समोर कुणी असावं लागतं, आणि तेवढीही खात्री आता राहिलेली नाही.

मायला मी बेंगळुरूला चल म्हटलं. ती नको म्हणाली. तिथं मेले तर कुण्या अनोळखी कबरस्तानाच्या भिंतीत कप्पा करून ठेवाल, म्हणाली. निघायच्या दिवशी सकाळी पिशवीत भाकऱ्या आणि शेंगाची चटणी भरता भरता ती म्हणाली, "ते मोबाइलात माझा आवाज भरून घे. म्या गाते. माझ्या येळेला लाव."

मी म्हटलं, असलं काही बोलू नको. तिनं ऐकलंच नाही. चुलीपाशी बसून, डोळे मिटून, तिनं अप्पांचं गाणं उचललं, अप्पांच्याच पट्टीत. आवाज चिरका, पण एकही शब्द चुकला नाही. स्वत:च्या मातीसाठी ती गात होती आणि चेहऱ्यावर काही भीती नव्हती. शेवटच्या कडव्याआधी तिला खोकला आला. पाणी प्याली, आणि पुढं गायलीच नाही.

"ऱ्हायलेलं तू म्हण."

"माय, घरच्यांनी म्हणायचं नसतंय."

"व्हय. पण गाणारं आता घरचंच उरलंय की."

हेही त्यात भरलं गेलं आहे, खोकल्यासकट. घर कुठं आहे असं कुणी विचारलं तर पूर्वी मी मेहकर सांगायचे. आता घर म्हणजे ते न गायलेलं कडवं. ते म्हणायची वेळ येऊ नये असं वाटतं, आणि आली तर म्हणता यावं, असंही. रविवारी सगळे पडद्याकडे बघून मोठ्यानं गात असतात, तेव्हा मी खाली मान घालून ते कडवं घोकते. "तुझे आम्ही" इथवर नीट येतं. त्याच्या पुढं अजून गळा लागत नाही.