भाचीच्या पावलांसाठी: नाटे ते रत्नागिरी

नाट्याला जायचं माझ्या मनात फार दिवसांपासून होतं, पण ते समुद्रासाठी. धाकटी बहीण मानसी तिथे दिलेली. दर सुट्टीत बेत ठरायचा आणि मोडायचा. आई नसल्यामुळे तिचं बाळंतपणही सासरीच झालं. दवाखान्यातून घरी आल्यावर तिचा फोन आला. "ताई, मुलगी छान आहे. पण तिची दोन्ही पावलं आत वळलीयत. तू ये." मी शाळेत रजा टाकली आणि ठाण्याहून सकाळची गाडी पकडली.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सांगते: रत्नागिरी स्टेशन शहरापासून बरंच लांब आहे. रिक्षाचं भाडं बसण्याआधीच विचारून घ्या. एसटी स्टँडवरून नाट्याकडे जाणारी गाडी मिळते, तिच्यात उजवीकडची खिडकी धरा. भाट्याचा पूल, पावस, पूर्णगडची खाडी, मग सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, पिवळं पडू लागलेलं गवत आणि त्याच्या कडेला अचानक समुद्र. एरवी मी वाटेत गावखडीच्या किनाऱ्याला उतरलेच असते. त्या दिवशी वळणं संपायची वाट पाहत बसले.

घरी पोचले तेव्हा मानसी बाळाला दुपट्यात गच्च गुंडाळून बसली होती. मी दुपटं सोडलं. दोन्ही तळवे एकमेकांकडे वळलेले, टाचा वर ओढलेल्या. बाळ मजेत होतं, आईचं तोंड मात्र सुकलेलं. बाळंतपण करणाऱ्या सिस्टरनी बाळ पुसतानाच पावलं पाहिली होती. हाताने सरळ होतात का तेही बघितलं आणि सांगितलं, "घाबरू नका, पण थांबूही नका. रत्नागिरीला मोठ्या दवाखान्यात लगेच दाखवा." घरी आल्यावर शेजारपाजारचे वेगळंच सांगू लागले. कुणी म्हणालं, तेल चोळा, होतील सरळ. कुणी म्हणालं, सव्वा महिना बाळाला घराबाहेर काढायचं नाही. आणि एकीने मानसीला तोंडावर विचारलं, "ग्रहणात विळी हातात घेतली होतीस काय?"

मेहुणे दिनेश मासेमारीच्या बोटीवर होते. घरात मोठ्या म्हणजे त्यांची आई. त्याही सव्वा महिन्याचंच धरून बसतील, अशी मला भीती वाटत होती. संध्याकाळी त्यांनी बांगड्याचं तिखलं आणि तांदळाची भाकरी वाढली. दोन घास खाऊन मी धीर केला. "काकी, उद्या बाळाला रत्नागिरीला नेऊ या का?"

त्यांनी भाकरीची परात बाजूला सारली. "बाय, माझ्या भावाचं पाय असंच व्हतं. पावलाच्या कडेवर चालायचा, तिथं जखमा व्हायच्या. बापाची होडी व्हती, पण हा कधी होडीवर उभा राहिला नाय. जाळी विणण्यात जन्म गेला त्याचा. ह्या पोरीला सव्वा महिना घरात ठेवून मी काय करू?" मग मानसीकडे वळून म्हणाल्या, "बाळाला टोपरं घाल उद्या. वाऱ्याचा रस्ता हाय."

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला पोचलो. दवाखान्यातला तो वार अशाच पावलांच्या बाळांचा होता. बाकावर आयांच्या मांडीवर सगळीकडे पांढरी प्लास्टरं. आमचा नंबर लागला. डॉक्टरबाईंनी पावलं तपासली आणि म्हणाल्या, "लवकर आलात, चांगलं केलंत. आत्ता सांधे सैल आहेत, हाडं कोवळी आहेत. दर आठवड्याला थोडं थोडं वळवत नेऊ."

मानसीने खाली मान घालून विचारलं, "माझ्याकडून काही झालं का?"

"तुम्ही काही केल्याने हे होत नाही. ग्रहणाने तर नाहीच. कारण बहुतेक वेळा सापडत नाही. कधी कधी घराण्यात असतं."

"मग आमच्याकडून आलां," काकी सगळ्यांसमोर म्हणाल्या. "माझ्या भावाचं पाय असंच व्हतं. सुनेकडून काय नाय."

डॉक्टरबाई हसल्या. "असेलही. दोष कुणाचाच नाही, आजी. तुम्ही बाळाचा गुडघा धरता का?"

मानसी बाळाला पाजत होती, काकींनी गुडघा धरला. डॉक्टरबाईंनी पाऊल बोटांनी हलकेच बाहेर वळवलं, जोर न लावता, बराच वेळ. मग कापूस आणि त्यावर पायाच्या बोटांपासून मांडीपर्यंत ओलं प्लास्टर. बोटं तेवढी उघडी. ती निळी किंवा गार पडली तर लगेच परत या, असं त्यांनी दोनदा बजावलं. दुसऱ्या पायाच्या वेळी बाळ झोपून गेलं.

बाहेर अलोरे गावची एक आई भेटली. तिची लेक व्हरांड्यात पळत होती. तिचीही पावलं जन्मतः वळलेली होती, पण मी निरखून पाहिलं तरी मला ते कळलं नाही. "प्लास्टरचं सोपं असतं," ती म्हणाली. "मग टाचेची शीर जराशी सोडवतात, शेवटचं प्लास्टर निघालं की पट्टीला जोडलेले बूट येतात. खरी परीक्षा तिथे. पोर रडतं, आपल्याला दया येते, आपण बूट काढून ठेवतो. मी काढले होते. पाय परत वळायला लागला, पुन्हा प्लास्टर. आता चार-पाच वर्षांची होईपर्यंत झोपताना बूट घालणार म्हणजे घालणार."

परतताना भाट्याला सुरूच्या सावलीत थांबलो. मी शहाळी आणली. काकी वाळूत पाय पसरून बसल्या होत्या, नात मांडीवर. दर थोड्या वेळाने त्या बाळाचं एक बोट दाबायच्या, गुलाबी रंग परत आला की पुढचं. मानसी शहाळं पीत समुद्राकडे बघत होती. मी आल्यापासून ती पहिल्यांदाच बाळाला दुसऱ्याकडे सोपवून निवांत बसली होती.

मला ठाण्याला परतावं लागलं. पुढच्या सगळ्या खेपा मानसी आणि काकींनी केल्या, एकदा दिनेश बोटीवरचं काम बुडवून गेले. शीर सोडवून झाली, शेवटचं प्लास्टर निघालं, आता बूट आहेत. पहिले काही दिवस बाळाने घर डोक्यावर घेतलं. मानसीचा हात बुटाकडे गेला की काकी बाळाला उचलून ओटीवर घेऊन जायच्या. "मी फिरवते," म्हणायच्या, "बूट ऱ्हाऊदे."

नाट्याला जाणाऱ्यांनी यशवंतगड पाहावा, आंबोळगडचा किनारा पाहावा. मी दोन्ही पाहिले नाहीत. आणि घरात नवं बाळ आलं असेल, तर नाक कुणाचं, डोळे कुणाचे यावर बोलून झालं की दुपटं सोडून त्याची पावलंही पाहा.

काल मानसीने फोटो पाठवला. अंघोळीनंतरचा. बाळ आता वर्षाचं होत आलंय, बूट फक्त झोपतानाच असतात. पाटावर काकींच्या हातांचा आधार घेऊन भाची उभी आहे आणि दोन्ही तळवे पाटाला सपाट टेकलेत.