नळीवरचं साल

डेल्मर स्टकीकडे येणाऱ्या प्रत्येक जुन्या बंदुकीनं कुणाच्या तरी आजोबांनी अस्वल लोळवलेलं असे. आयोवाच्या त्या मक्याच्या मुलखात एवढी अस्वलं आली कुठून, हे विचारणं त्यानं कधीच सोडलं होतं. पेंडीच्या दुकानामागच्या खोलीत तो चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त करत होता आणि तेवढीच वर्षं गिऱ्हाइकांच्या अकलेची कीव करत होता.

त्या शनिवारी वेंडेल हावरकॅम्प आला आणि त्याच्यामागून त्याची थोरली बहीण लोरीन. त्यांचे वडील महिन्यापूर्वी गेले होते. घर आणि जमीन गुण्यागोविंदानं वाटली गेली, पण दुनळी बंदुकीवर घोडं अडलं. त्यांच्या घरात आजोबांची वस्तू नातवाकडे जायची. वडिलांनी मात्र स्वतःची बंदूक आपल्यामागं लोरीनला मिळावी असं लिहून ठेवलं होतं, कारण थंडीत कुडकुडत बदकांच्या शिकारीला त्यांच्याबरोबर तीच जायची. तेव्हा ही बंदूक आजोबांची की वडिलांची, एवढंच डेल्मरनं ठरवायचं होतं.

"ठरवायचंय काय त्यात?" वेंडेल म्हणाला. "नळीवर छापलंय की! प्रेअरी किंग, एकोणीसशे नऊ. आजोबा गेले एकोणीस साली."

"प्रेअरी किंग!" डेल्मर फिसकन हसला. "त्या नावाचा कारखाना या पृथ्वीवर झालाच नाही, गड्या. शहरातल्या हार्डवेअरवाल्यानं दुसऱ्याकडून माल आणून त्यावर ठोकलेलं नाव आहे ते. ओट्सच्या डब्यावर राजाचं चित्र दिसलं, तर पेरणी राजानं केली म्हणशील?"

"आणि साल?"

"ते पेटंटचं. आतल्या खटक्याचं. बंदूक त्यानंतरची कधीचीही असेल. दर आठवड्याला एक शहाणा येतो आणि मला हेच साल वाचून दाखवतो. तू तर शाळेत मास्तर होतास ना? धन्य ती पोरं!"

त्यानं नळ्यांखालचं लाकूड सोडवलं. आत खऱ्या कारखान्याचा शिक्का होता, आकडा होता. आपल्या तेलकट वहीत त्यानं तो आकडा शोधला. "चौतीस साल. तुझा आजोबा पंधरा वर्षं थडग्यात होता. म्हणजे बंदूक तुझ्या बापाची."

वेंडेलचा चेहरा उतरला. "पण बाबा स्वतः म्हणाले होते मला, आजोबांची आहे म्हणून."

"थाप मारली असेल."

"मारलीच होती," लोरीन प्रथमच बोलली. "घेतली तेव्हा मी दुकानात बाबांच्या शेजारी उभी होते. पुढं तू शिकारीला यायचं म्हटलं की रडायचास, वेंडेल. आजोबांचं नाव ऐकून तरी येशील, असं त्यांना वाटलं."

डेल्मर भडकला. "एवढं ठाऊक होतं, तर माझी सकाळ कशाला खाल्लीत, बाई?"

"याला महिनाभर सांगतेय. हा म्हणतो, नळीवर लिहिलंय ते खरं." लोरीननं बंदूक घोंगडीत गुंडाळली. "आणि तुम्हालाही फोनवर सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बंदूक घेऊन या, बायकांच्या आठवणींवरून मी साल ठरवत नाही."

डेल्मरला आपले शब्द लख्ख आठवले. ती दार उघडून बाहेर गेली, आणि आत ते दोघे शहाणे एकमेकांकडे न बघता उभे राहिले.