न्याय, तासिका तत्त्वावर

आमच्या विभागात किस्से साठतात, कारण दुसरं काही साठवायला जागाच नाही. तत्त्वज्ञान विभाग म्हणजे एक खोली. तिच्या अर्ध्या भागात खेळाच्या गाद्या आणि श्रमदानाची फावडी, उरलेल्या अर्ध्यात विभागप्रमुख गर्जे सर आणि मी. सर निवृत्तीला आलेत. मी तासिका तत्त्वावर आहे. सर म्हणतात, "आपल्या विभागात जे काही तत्त्व उरलंय ते तुमच्या नेमणुकीतच."

कॉलेज कोणतं ते सांगत नाही. बीड जिल्ह्यात आहे आणि संस्थाचालकांना सगळे दादा म्हणतात, एवढं पुरे. एवढंही जास्त झालं बहुतेक.

यंदा आम्हाला ग्रीक विचारातला न्याय आणि सत्ता हा भाग शिकवायला होता. खालचे किस्से त्याच भागातले. सांगताना हसू येतं, पण ते कुठं थांबवायचं ते मला कळत नाही.

*

त्या भागात सुरुवातीलाच एक मत येतं: न्याय म्हणजे बलवानाची सोय. ग्रीसमधला एक वक्ता भर बैठकीत तावातावानं हे मांडतो, आणि मग तिथला एक म्हातारा तत्त्वज्ञ त्याला प्रश्न विचारून विचारून घामाघूम करतो.

मी मत फळ्यावर लिहिलं, मागं वळून बघते तर अख्खा वर्ग मान डोलावतोय. माझ्या कुठल्याच वाक्याला इतकी एकमुखी मान्यता कधी मिळाली नव्हती. मी गडबडून म्हणाले, अरे, हे चूक आहे, याचं खंडन पुढं आहे. मग पुढचा सगळा आठवडा खंडन शिकवलं.

चाचणीत सगळ्यांनी मत लिहिलं, खंडन कोणीच लिहिलं नाही. लिंबागणेशच्या अशोकनं तेवढी खाली टीप दिली होती: "खंडन कोरडवाहू भागास लागू नाही."

गर्जे सरांनी त्याला पूर्ण मार्क दिले.

*

नंतर आली अंगठी. एका मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी सापडते, अशी ग्रीकांची गोष्ट आहे. कोणी बघतच नसेल तर माणूस न्यायानं वागेल का, हा तिच्यातला प्रश्न.

मी वर्गाला विचारलं, तुम्हाला मिळाली तर काय कराल? पोरं म्हणाली, पेपर आधी बघून येऊ. एक मुलगी म्हणाली, बसस्टँडवर एकटी बसून चहा पिऊन येईन. त्यावर मुलींच्या बाजूला कोणी हसलं नाही.

मग अशोक उठला. "मॅडम, अंगठी मेंढपाळाला लागती. दादांचं टँकर रोज दुपारी लेडीज हॉस्टेलच्या बोअरवर भरून त्यांच्या मंगल कार्यालयाच्या कामावर जातंय, सगळ्या गावादेखत. दिसलं का कोणाला?"

मी जाऊन दार लावून घेतलं.

*

तो टँकर दिसला तो सुवर्णाला. सुवर्णा शेवटच्या वर्षाची, चकलांब्याची. आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, म्हणून ती हॉस्टेलवर. तिथं मुलींना दिवसाला एक बादली पाणी यायचं.

एकदा तास संपल्यावर ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. मी वही आवरत होते, दचकलेच. त्या दिवशी म्हाताऱ्या तत्त्वज्ञाचं दुसरं मत शिकवलं होतं, की अन्याय करण्यापेक्षा सोसलेला बरा. ती म्हणाली, "मॅडम, अन् नुसतं बघत बसणं? ते करण्यात धरायचं का सोसण्यात?"

मी वही मिटली. परीक्षेला येत नाही, असं काहीतरी बोलले.

दुसऱ्या दिवशी तिनं टँकरबद्दल लेखी तक्रार दिली. हॉस्टेलच्या सगळ्या मुली तिच्या मागं होत्या म्हणे, पण सही करायच्या वेळी ती एकटीच पुढं होती.

*

प्राचार्यांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर ती तक्रार, तिच्यावर पेपरवेट.

"मॅडम, तुम्ही वर्गात शिकवता काय?"

"सिलॅबस, सर."

"सिलॅबसमध्ये पाणी कुठून आलं?"

भीती वाटली की मी जे विचारलं त्याचं उत्तर देते, एवढंच मला जमतं. म्हणाले, "पहिल्या भागात आहे, सर. सगळं विश्व पाण्यापासून झालं, असं सर्वांत जुना ग्रीक तत्त्वज्ञ मानायचा."

प्राचार्यांनी पेपरवेट सरळ केला. मग म्हणाले, "तो भाग गाळा."

तक्रार मात्र त्यांनी नाकारली नाही. तिच्यावर शेरा मारला, 'तत्त्वतः मान्य'. म्हणजे टँकर चालू राहिला आणि सुवर्णाला नोटीस निघाली, की शिस्तभंगाबद्दल तुमचा हॉस्टेल प्रवेश रद्द का करू नये.

*

बाहेरच्या माणसाला वाटेल, हॉस्टेल गेलं तर गेलं, खोली करून राहील. कोण देणार खोली, आणि कशाच्या जिवावर? हॉस्टेल सुटलं तर तिच्यापुढं दोन गोष्टी होत्या: आईबापामागं फडावर जाणं किंवा लग्न. आमच्याकडं तेही फिरून एकच होतं, कारण तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती.

सुवर्णाच्या वडिलांचा, आसाराम काकांचा, मला सांगलीकडून फोन आला. मागं ट्रॅक्टर चालू होता, त्यामुळं ते ओरडून बोलत होते आणि मी उगाचच कुजबुजत होते. त्यांनी विचारलं, पोरीला काढायला लागलेत ते कावून, तिनं काही चोरलं का?

मी सांगितलं, नाही काका, काहीच चोरलं नाही. ती खरं बोलली.

मग ते म्हणाले, "चोरलं असतं तर बरं झालं असतं, बाई. पाया पडून माफी तरी मागता आली असती. आता माफी कशाची मागू?"

*

गर्जे सरांनी एक खटपट केली, ती सांगायला हवी. दादांचा वाढदिवस होता आणि मनोगत सरांकडं आलं होतं. दादा खूश झाले की पोरीचा विषय काढायचा, असा त्यांचा बेत. म्हणून आयुष्यात कधी केली नव्हती तेवढी स्तुती त्यांनी त्या दिवशी केली. म्हणाले, ग्रीकांनी ज्याची नुसती कल्पना केली तो तत्त्वज्ञ राजा आपल्याला दादांच्या रूपानं लाभला. टाळ्या पडल्या.

दादांना ते फार आवडलं. व्यासपीठावरून उतरताना त्यांनी सरांच्या खांद्यावर हात टाकला आणि विचारलं, त्या राजाचं काय काय असतं, जरा इस्कटून सांगा. सर मुळात मास्तर. थांबता आलं नाही. सांगत गेले की त्याला स्वतःची जमीन नसते, स्वतःचं घर नसतं, सोनंनाणं नसतं, संसारसुद्धा स्वतःचा म्हणून नसतो, आणि राज्य करायची त्याला अजिबात हौस नसते, दुसऱ्यांसाठी राबायचं म्हणून राबतो.

दादांनी खांद्यावरचा हात काढून घेतला.

"म्हंजे ऊसतोडीवाला का, सर?"

पोरीचा विषय राहून गेला.

*

आता शेवटचा. हा मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.

ग्रीसमध्ये एक पद्धत होती. वर्षातून एकदा नागरिक जमायचे, प्रत्येकानं फुटक्या मडक्याच्या खापरावर एक नाव कोरायचं. ज्याचं नाव पुरेशा खापरांवर निघेल त्यानं दहा वर्षांसाठी गाव सोडायचं. हे वर्गात सांगितलं तर पोरं लगेच म्हणाली, म्हंजे कोणावर तरी खापर फोडायचं. शब्द आपल्याकडं तयारच होता. अशोक म्हणाला, "गाव सोडायला आमच्याकडं खापर बी लागत न्हाई, मॅडम. ट्रक येतो."

पण त्यानंच दुसऱ्या दिवशी गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, सापडलेली पिशवीभर खापरं आणली, खिळे आणले. म्हटलं, करून बघू. देवाशप्पथ, मी खेळच समजत होते. वाटून झाली, कोणीतरी कोरायला सुरुवात करणार, तेवढ्यात दार उघडलं. तपासणी समिती येणार होती म्हणून दादा सगळं कॉलेज फिरत होते. मागं प्राचार्य, त्यांच्या मागं गर्जे सर.

दादांनी विचारलं, हे काय चाललंय? मी सांगितलं. त्यांनी एक खापर उचलून उलटंसुलटं केलं.

"अन् पुरावा?"

"लागत नव्हता, दादा."

"सुनावणी वगैरे?"

"तीही नव्हती."

"लई हुशार लोक," दादा म्हणाले.

ही पद्धत डोईजड झालेल्या माणसांसाठी होती, हे वाक्य माझ्या तोंडात होतं. तिथंच राहिलं.

दादा प्राचार्यांकडं वळले. हॉस्टेलच्या त्या पोरीचं सोमवारच्या मीटिंगला ठेवलंय ना, कशाला मीटिंग, हितंच होऊन जाऊ द्या, पोरं शाणी हायत, लोकशाही पद्धतीनं ठरवतील. आणि मुलींच्या पहिल्या बाकावर कडेला जागा होती तिथं बसले. म्हणाले, पहिलं खापर माझं, मग सगळ्यांनी लिहायचं.

खिसे चाचपले. चष्मा गाडीत राहिला होता. त्यांनी खापर आणि खिळा शेजारच्या मुलीपुढं सरकवला.

"पोरी, एवढं लिही माझ्याकडून."

ती सुवर्णा होती.

दादांनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यापर्यंत आला होता तो कागद. प्राचार्यांना ती माहीत होती. ते खिडकीतून बाहेर बघायला लागले. गर्जे सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी फळ्याला टेकून उभी होते.

"काय लिहू, दादा?" सुवर्णानं विचारलं.

"ती तक्रारवाली. सुवर्णा."

"सुवर्णा दोन हायत वर्गात. कोणती?"

"हॉस्टेलची, हॉस्टेलची."

तिनं खापर डाव्या हातात घट्ट धरलं आणि कोरायला घेतलं. खिळ्याचा आवाज दातांत शिरत होता. नुसतं नाव लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण तेवढ्यावर चुकून दुसऱ्या सुवर्णावर आलं असतं. तिनं पुढं वडिलांचं नाव घातलं, आडनाव घातलं, खाली गाव घातलं. फुंकर मारून धूळ उडवली आणि खापर दादांच्या हातात दिलं.

दादांनी ते लांब धरून बघितलं. मग कोरलेल्यावरून अंगठा फिरवला.

"अक्षर झाक हाय. कोणाची गं तू?"

"त्याच्यावरच लिवलंय, दादा."